निर्मलचे दोन दिवस

कल्याणहून निघून माळशेज घाट चढणारा आणि पुढे पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड, भोकर अशी गावे मागे टाकीत पूर्वेकडे जाणारा एक राष्ट्रीय महामार्ग आहे. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता व तो निर्मलला येऊन संपत असे. आता क्रमांक ६१ झाला आणि रस्ता जगित्यालपर्यंत लांबला. तरी मराठवाड्यातील माणसांच्या तोंडी तो अद्याप ‘कल्याण–निर्मल रस्ता’च आहे. एवढ्या जिल्ह्यांतील लोक ज्या गावाचे नाव सहज घेतात, त्या गावी मुद्दाम गेलेले मात्र थोडेच भेटतात.

हैदराबादेतील आपल्या घरांना निर्मल ठाऊक आहे ते निराळ्या वाटेने. काचेच्या कपाटातील लाकडी पेरू आणि सीताफळे, भिंतीवर काळ्या भूमीवर सोनेरी रंगाने काढलेली चित्रे. पाहुणा आला म्हणजे ‘हे निर्मलचे’ असे सांगावयाचे आणि पुढचे बोलणे सुरू करावयाचे. आमच्याही घरी तसेच होते. वस्तुतः आमच्या घराण्याचे मूळ निर्मलपासून फार दूर नाही. पणजोबा मुधोळ तालुक्यातील एका गावचे कुलकर्णी होते. तो तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार रचना झाली, तेव्हा मुधोळ आदिलाबादला जोडला गेला आणि आदिलाबादचे किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले. आमचे घर तोवर हैदराबादेत स्थिरावले होते. बरोबर आणलेल्या सामानात मोडीतील कागदांचे सात रुमाल तेवढे मागे उरले आहेत.

यंदाच्या हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी मी निर्मलला गेलो, तो एका स्नेह्याबरोबर. आम्ही दोघेही विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. तो उटनूरकडचा, परधान समाजातला. पहिल्या वर्षी खाणावळीच्या रांगेत मी फोनवर आईशी बोलत असता तो मागे वळून म्हणाला होता, “तू बी मराठीच का?” तेव्हापासून आमची मैत्री आहे. तो माझ्या मराठीला ‘पुस्तकातली’ म्हणतो. त्याच्या मराठीत तेलुगू आणि गोंडी शब्द इतक्या सहजतेने येऊन बसतात की, ते बाहेरचे आहेत हे ध्यानातही येत नाही.

जुबिली बसस्थानकावरून सकाळी निघालेली आमची गाडी कामारेड्डी, आर्मूर करीत सोनच्या पुलावर आली, तेव्हा उन्हे चांगलीच वर चढली होती. त्र्यंबकेश्वर, पैठण, नांदेड अशी आपली म्हणून ओळखीची असलेली गोदावरी येथे भेटते, ती पोचमपाडच्या धरणातून सुटल्यावर. या श्रीरामसागर प्रकल्पाची कोनशिला १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. नदी ओलांडली की थोड्याच वेळात निर्मलची वेस येते.

गावाचे नाव सतराव्या शतकातील निम्मा नायडू या स्थानिक अधिपतीवरून पडले, असे सांगतात. आज जे किल्ले दिसतात ते बहुतांशी त्यानंतरचे, निजामाच्या अमलातले. त्यांच्या बांधणीत निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच इंजिनियरांचा हात होता, असे म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासात ‘धौंसा’ म्हणून येणारा निजामाचा सरदार इब्राहिमबेग जफरुद्दौला, तोच या परिसराचा कारभारी होता. गावाच्या तोंडाशी शामगढ आहे आणि टेकडीवर बत्तीसगढ. शामगढावर चढल्यावर लाल कौलांच्या मधून चमकणारे तलाव दिसतात. गावाभोवती तलावांची साखळीच आहे. पिण्यास पाणी आणि शत्रूस अडथळा, असा त्यांचा दुहेरी उपयोग होता. गोदावरीपलीकडे कोनसमुद्रम नावाचे खेडे आहे. त्या भागातील पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात आणि दमास्कसच्या तलवारींना ते लागे, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने केली आहे. आज बुरुजांवर गवत आहे आणि तटाच्या सावलीत शेळ्या बसलेल्या असतात.

दुपारी आम्ही खेळणी करणाऱ्यांकडे गेलो. येथे मात्र जुने काम जिवंत आहे. पोनिकी नावाच्या झाडाचे लाकूड इतके मऊ आणि हलके असते की, सुरीने भाजी चिरावी तसे ते तासले जाते. हरणाचे धड एका तुकड्याचे, पाय निराळे, शिंगे निराळी. मग चिंचोक्याची खळ आणि त्याच लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने हे सारे सांधतात. वाळल्यावर घासून त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देतात आणि शेवटी रंग. पूर्वीचे रंग वनस्पतींचे व खनिजांचे होते. आता डुको रंग वापरतात. चित्रांतील सोनेरी झाक मूळची झाडपाल्याच्या रसाची. एकदा निजामाची स्वारी येथे आली असता कारागिरांनी छतास एक मोठी कळी टांगली आणि ती उमलून तिच्यातून अशा सोनेरी पाकळ्यांचा वर्षाव त्याच्यावर केला, अशी कथा सांगतात. येथील गंजिफाही प्रसिद्ध होत्या. सावंतवाडी पाहिलेल्या वाचकांना हे सारे परिचित वाटेल. तेथे पांगाऱ्याचे लाकूड, येथे पोनिकीचे; खेळणी, फळे आणि गंजिफा दोन्हीकडे.

एक वयस्क कारागीर राघूच्या चोचीला लाल रंग देत होते. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, त्याचा काही लाभ झाला का, असे मी विचारले. ते हसून दखनीत म्हणाले की, नाव राखले ते ठीकच झाले, आता झाडही राखले पाहिजे. पोनिकी आणावयास पूर्वीपेक्षा फार लांब जावे लागते. माझा स्नेही त्या वेळी कोपऱ्यातील लाकडाच्या ढिगाजवळ उभा होता. एक ओंडका हाताने तोलीत तो म्हणाला, “हे आमच्या जंगलातलं.” एवढेच बोलला. मला ते वाक्य रात्री लॉजवर पुन्हा आठवले.

रविवारी सकाळी आम्ही येल्लपेल्लीच्या रस्त्याने गेलो. तेथे पाहण्यासारखे काही नाही असे लॉजवाल्याने आदल्या दिवशीच सांगितले होते. या बाजूस एक प्रचंड वड होता. तेलुगूत त्याचे नाव ‘वेय्यि उरुल मर्रि’, म्हणजे हजार फासांचा वड. १८५७ च्या धामधुमीनंतर या डोंगराळ मुलखात रामजी गोंड याने गोंड आणि रोहिले यांना एकत्र करून इंग्रज व निजाम यांच्या फौजांशी झुंज दिली. तो पकडला गेला आणि त्याला व त्याच्या सुमारे हजार साथीदारांना या वडाच्या फांद्यांवर फाशी देण्यात आले. परंपरेने सांगितले जाणारे वर्ष १८६० चे आहे. वडही आता नाही. वादळवाऱ्यात तो केव्हाच कोसळला. गावात चैन गेटजवळ रामजी गोंडाचा पुतळा उभा आहे, वडाच्या जागी मात्र नुसती जमीन आहे. हजार माणसांचा शेवट जेथे झाला तेथे एकही जुनी वस्तू शिल्लक असू नये, हे पाहताना शामगढचे बुरुज मला उगीचच फार भक्कम वाटू लागले.

स्नेही बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमचे काका यायचं गाणं म्हणतेत. किंगरीवर.”

“गोंडीत?”

“गाणं गोंडीतच. घरी मराठी.”

वाचकांपैकी काहींना याचे आश्चर्य वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. परधान हे गोंडांचे कथागायक. प्रत्येक गोंड घराण्याचा परधान ठरलेला असतो. देवकार्यात आणि मृत्यूच्या विधीत तो त्या कुळाची कथा किंगरीच्या साथीने गातो आणि आपला मान घेतो. आदिलाबादकडील परधानांची स्वतःची बोली मराठी आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर तेथील असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास पाठविले, आणि परधानांची ही मराठी त्यांनीही नोंदविली आहे. म्हणजे गोंडांची स्मृती ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्या चुलीपाशी आपलीच भाषा बोलली जात होती. आंध लोकांचीही मातृभाषा मराठीच. या प्रदेशातील मराठी म्हटली की, आपल्या डोळ्यांसमोर देशमुख, देशपांडे, वकील, शिक्षक आणि ग्रंथालये येतात. ती सारी खरीच. पण मोजणी तेथे थांबत नाही.

हायमेनडॉर्फ यांनी आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती आपल्याला तितकीशी सुखाची नाही. गोंडांच्या हाती पट्टे नव्हते. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि बाहेरून आलेल्या लोकांच्या नावावर जमिनी चढत गेल्या. या बाहेरच्यांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते आणि मराठीही होते. जमीन कोणाच्या नावावर चढली हे कोणीतरी लिहीत होते. गावचे दप्तर ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती लेखणी होती.

स्नेह्याला आमच्या घरच्या रुमालांची गोष्ट मी पूर्वी कधीतरी सांगितली होती. वडाच्या त्या मोकळ्या जागेवर उभे असता त्याने विचारले, “तुमच्या त्या कागदात आमच्या गावांची नावं असतील का रे?”

“आमचं गाव मुधोळकडचं. तुमचं उटनूर तिथून लांब.”

“लांब हाय. पन तिकडं बी आंध हायेत, गोंड होते. कोनाचं तरी नाव असंलच ना?”

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. एखाद्याने आपल्या आजोबांचा फोटो कोणाकडे आहे का, असे विचारावे, तसा तो विचारीत होता. गोंडांचा इतिहास मौखिकच, असे आम्ही वर्गात नेहमी ऐकतो. त्यावरही तो म्हणाला, “लिहिलेलं बी हाय. गुंजालाच्या पोथ्या हायेत की.” नारनूर भागातील गुंजाला गावी गोंडीची जी हस्तलिखिते मिळाली, त्यांच्या लिपीस २०१८ मध्ये युनिकोडमध्येही स्थान मिळाले आहे. लिहिणारे तिकडेही होते. त्यांच्या पोथ्या आज लोक वाचू लागले आहेत आणि आमचे रुमाल मात्र बांधलेले आहेत.

दुपारी आम्ही भैंसा, मुधोळ या वाटेने बासरला गेलो. मुधोळच्या थांब्यावर पाट्या तेलुगूत होत्या आणि गाडीत चढलेल्या दोन आजीबाई मात्र मराठीत भांडत होत्या. बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे अक्षराभ्यासासाठी मुले मांडीवर घेऊन बसलेली जोडपी निजामाबादची होती, तशी नांदेडचीही होती. कोणी मुलाचा हात धरून तेलुगू अक्षर गिरवीत होते, कोणी श्रीकार. माझा स्नेही एका खांबाशी टेकून ते पाहत होता. काकांना लिहिता येत नाही, त्यांच्या मुलाला तीन लिपी येतात, पण किंगरी येत नाही, असे तो म्हणाला. “मलाबी नाही येत,” हे त्याने थोड्या वेळाने जोडले. रात्रीच्या गाडीने आम्ही परतलो.

घरी ही सारी हकिकत सांगितली तेव्हा वडिलांनी ऐकून घेतली. थोरले काका मात्र म्हणाले, “जुनी उणीदुणी आता कशाला बाहेर काढायची? त्यातून निघणार काय?” काकांच्या बोलण्यातील भीती मला समजते. त्या कागदांत दानपत्रे असतील, तंटे असतील, आणि कदाचित कोणाच्या हातून शेत कसे गेले तेही असेल. पूर्वजांविषयीचा आदर रुमाल बांधलेला असेपर्यंतच टिकणारा असेल, तर तो फार नाजूक आदर म्हणावा लागेल. शिवाय त्यात केवळ वाईटच असेल असे तरी का धरावे? जी नावे दुसरीकडे कोठेच उरली नाहीत, ती आमच्या पणजोबांच्या अक्षरात उरली असतील तर ती ज्यांची आहेत त्यांना मिळाली पाहिजेत. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे रुमाल आहेत, हे मी गेल्या काही महिन्यांत विचारून पाहिले आहे. मोडी वाचणारे अजून आहेत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग व परीक्षाही होतात. वाट पाहण्यासारखे फारसे कारण उरलेले नाही. वाळवी कोणासाठी थांबत नाही.

वडिलांनी पहिला रुमाल सोडण्यास संमती दिली आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोघे उटनूरला त्याच्या काकांकडे जाऊन रामजी गोंडाचे गाणे ध्वनिमुद्रित करणार आहोत. गोंडी तो समजावून सांगेल, मी देवनागरीत उतरवून घेईन. त्याची एक अट आहे: लिहिलेले सारे आधी काकांना वाचून दाखवावयाचे आणि ते ‘बरोबर’ म्हणाले तरच बाहेर द्यावयाचे. आमच्या रुमालांतून जे निघेल तेही मी प्रथम त्यालाच वाचून दाखवणार आहे.