एकशिपी

वाक्वा, मॉरिशस
ऋषिपंचमी

प्रिय आजी,

सुखरूप पोचले. काल इथंही गणपती बसले. गणपतीची देशभर सुट्टी असते, ठाऊक होतं तुला? मी उतरलेय त्या घरातले खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर राबायला आलेले. आता घरात सगळं बोलणं क्रेओलमध्ये, पण आरतीला उभे राहिले की मराठी, आणि तीही खणखणीत. मोदक तुझ्यासारखे नव्हते, हे सांगायला नकोच.

घरच्या काकूंनी विचारलं, इतक्या लांब कशाला आलीस? म्हटलं, शिंपल्या शोधायला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तुझी आठवण झाली. उत्तर पुढच्या पत्रात.

तुझी नात


पोर्ट माथ्युरँ, रॉड्रिग्स
भाद्रपद पौर्णिमा

प्रिय आजी,

मॉरिशसहून पंख्याच्या छोट्या विमानानं दीड तास. वरून बेट दिसलं ते पसरट ताटात मधोमध मूद वाढावी तसं. मूद १०८ चौरस किलोमीटरची आणि भोवतीचं उथळ पाणी २४० चौरस किलोमीटरचं, म्हणजे जमिनीच्या दुपटीहून जास्त. त्याच्या कडेला प्रवाळाचा बांध, आणि समुद्राची सगळी आदळआपट त्या बांधापलीकडे. याला लगून म्हणतात. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात याला 'खाजण' म्हटलं होतं. आपलं खाजण म्हणजे चिखल आणि चिपी. इथं पाण्यातून पायाची नखं दिसतात.

मुद्दाम पौर्णिमा गाठली, उधाणाची ओहोटी मिळावी म्हणून. सोबत इथली एक बाई होती, तुझ्याहून थोडी लहान. लोखंडी सळई घेऊन माकूळाच्या गोतातला, आठ हातांचा ऑक्टोपस भोकातून काढायचा, हे तिचं काम. इथं बहुतेक बायकाच ते करत आल्या. सध्या मात्र बंदी आहे. २०१२ पासून ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ऑक्टोपस धरत नाहीत, आपल्याकडे नारळीपौर्णिमेपर्यंत होड्या वर काढून ठेवतात तसंच. म्हणून बाई मोकळी होती. सळई नव्हती, पण सवयीनं हात तसाच धरून चालायची.

तिनं पहिल्याच दिवशी मला झापलं. दगड उलटला की तसाच टाकून पुढे जायचं नाही. होता तसा पालथा ठेवायचा, नाहीतर खालचं सगळं उन्हानं मरतं. तू कालवांच्या खडकावर हेच सांगायचीस. दोन दर्याकाठच्या म्हाताऱ्यांचा एकच कायदा!

तर सांगायचं ते हे. एका दगडाखाली, स्पंजाच्या कडेला, मला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी सरकताना दिसलं. वाटलं गोगलगायीचं पिल्लू. चिमट्यानं न धरता मऊ कुंचल्यानं उचलून बशीत घेतलं आणि भिंगाखाली पाहिलं, तर शिंपली! तीन मिलिमीटरची, इतकी पातळ की आतलं शरीर काचेतून दिसावं तसं दिसत होतं. शिंपांबाहेर तिनं आपलीच कातडी पांघरलेली, तिला बारीक बारीक मिशा, आणि पुढे जिभेसारखा पाय टाकत ती चक्क चालत होती. तिसऱ्या वाळूत रुततात, कालवं खडकाला चिकटतात. शिंपली अशी फिरायला निघालेली मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या गोतावळ्यातल्या कुणी कोळंबीसारख्या प्राण्यांच्या बिळात पोटभाडेकरू म्हणून राहतात, कुणी कृमींच्या अंगाशी. एक तर समुद्रकाकडीच्या घशात राहते. तिचं वर्णन १८९० मध्येच झालंय. बऱ्याच जणी पिल्लं कल्ल्यांत सांभाळतात.

आता माझा मूर्खपणा. घाईत ती थेट अल्कोहोलच्या कुपीत टाकली. ती आक्रसली आणि एक शिंप तडकली. आधी मॅग्नेशियम क्लोराईडच्या पाण्यात हळूहळू झोपवायची असते, म्हणजे पाय बाहेर राहतो. पुढच्या दगडाखाली दुसरी मिळाली, तिला नीट झोपवलं. दोन्ही कुप्यांत पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

इथं माझ्याआधी बरेच जण वाकून गेलेत. १८७४ मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाताना पाहायला इंग्रजांची मोहीम आली, त्यात झाडं-प्राणी गोळा करणारेही होते. गंमत म्हणजे तुझ्या तिसऱ्यांच्या कुळाचं शास्त्रातलं नावही व्हीनसवरूनच आलंय. माणसं आकाशातली व्हीनस बघायला आली, आणि पायाखाली तिचंच गोत!

तुझी नात


कार्डिफ
कोजागरी

प्रिय आजी,

इथं दूध आटवलं, पण चंद्र नाही. ढग.

२००१ मध्ये रॉड्रिग्सला देशोदेशीचे तज्ज्ञ जमले होते. त्यानंतर २००४ मध्ये इथल्या वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या ग्रॅहम ऑलिव्हर आणि अ‍ॅना होम्स यांनी त्या लगूनमधल्या दडून राहणाऱ्या शिंपल्यांवर मोठा निबंध लिहिला, नव्या जातींसकट. म्हणून माझ्या कुप्या घेऊन इथं आले. एखादी जात नवी आहे म्हणायचं तर तिच्या गोतातल्या सगळ्या जुन्या जातींशी ताडून पाहावं लागतं. सापडायला एक ओहोटी पुरते. ताडायला वर्षं जातात.

शिंपेवर सोन्याचा मुलामा चढवतात, आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बिजागरीचे दात डोंगरासारखे दिसतात. माथ्यावर टिकलीएवढी टोपी असते, ती तिच्या बालपणीची शिंप. तिच्या मापावरून कळतं की पिल्लू आईजवळ वाढलं की दर्यात वाहत गेलं.

नीट झोपवलेली शिंपली २००४ च्या चित्राशी तंतोतंत जुळली. जुनीच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? विमानातच तिला तुझं नाव द्यायचं ठरवून टाकलं होतं. बाईच्या नावाला लॅटिनमध्ये आपल्या 'ची'सारखा प्रत्यय लागतो, तोही लावून ठेवला होता.

आणि तडकलेली? तिचे दात वेगळे दिसतात. पण उजवी शिंप चुरा झालीय, उरलीय फक्त डावी. डावीच्या दाताला उजवीत खाच असते, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय कुळसुद्धा नक्की सांगता येत नाही. नियमानं एका नमुन्यावर नाव देता येतं, पण इथल्या जाणत्या बाई हसून म्हणाल्या, अर्ध्यावर नको. थोडक्यात, माझी एकशिपी झाली.

दुपारी त्यांनी एक खण उघडला. जेम्स कॉस्मो मेलव्हिल नावाच्या माणसाचा संग्रह इथं आहे. १८९३ मध्ये त्यानं मुंबईच्या समुद्रातल्या पंचवीस नव्या जातींची वर्णनं छापली होती. चिठ्ठीवर तिरक्या अक्षरात 'बॉम्बे' वाचलं आणि घसा दाटला. या शिंपा सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी विलायतेत आल्या, मी गेल्या आठवड्यात.

पुढच्या भाद्रपदात परत रॉड्रिग्सला जायचं म्हणतेय. तो दगड मी होता तसाच पालथा ठेवलाय.

आणि ऐक. या खेपेला तिसऱ्यांची एकशिपी केलीस की विळीवर फोडून दुसरी शिंप परसात फेकू नकोस. दोन्ही धुऊन, जोडीनं, सुतळीनं बांधून ठेव. मी आल्यावर बघेन.

तुझी नात