आज्जीच्या साजाचं पान

रविवारची सकाळ, मामाचं शेत आणि हातात मित्राचा मेटल डिटेक्टर. सॉलिड! मित्राला खरं तर पन्हाळ्यावर शिवकालीन नाणी शोधायची होती. पण बॉस, पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. परवानगीशिवाय तिथे खणणं म्हणजे गुन्हा. शिवाय १८७८च्या कायद्यानुसार, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरना कळवावं लागतं.

मला हवं होतं एकच पान. आज्जीच्या कोल्हापुरी साजातलं, उसाच्या लागणीवेळी बांधाजवळ पडलेलं.

दोन तास मशीन गप्प. मग ट्यूब पेटली! सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची कटकट नको म्हणून मीच डिस्क्रिमिनेशन चढवून ठेवलं होतं. साजाचं पान म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. मशीनला तो कागद आणि हे पान जवळपास सारखंच. म्हणजे दोन तास मी सोनंच गाळत होतो!

डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणलं. वरून मोटारीची वायर जाते, म्हणून सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली. आणि सुरू झाली पीं-पीं. बाटलीचं बूच, बैलाच्या पत्रीचे खिळे, चांदीचा कागद, परत चांदीचा कागद. दर वेळी खुरपं घेऊन खाली बसायचं.

बांधावरून आज्जी विचारते, “गावलं का रं?”

“न्हाई अजून.”

लागण पंधरा दिवसांवर आलीय. अर्धा बांध बाकी आहे.