आधी वसतिगृहाचा अर्ज

पद्मारावनगर, सिकंदराबाद

चि. मुक्ता,

उस्मानिया विद्यापीठाचा इतिहास विभाग कसा आहे, त्यापेक्षा राज्यशास्त्राचा बरा का, आर्ट्स कॉलेजच्या इमारतीतच वर्ग भरतात का, हे सगळं तू विचारलंस. मेसचं मात्र एका शब्दानं विचारलं नाहीस. नांदेडहून शिकायला येणाऱ्या मुलीनं आधी तेच विचारायला हवं. विभाग चांगलेच असतात गं. मुलं अडतात ती राहण्या-जेवण्यापाशी.

आपल्या मराठवाड्याचं तर सगळं उच्च शिक्षण एके काळी याच विद्यापीठावर अवलंबून होतं. 1918 साली निजामानं ते काढलं, दुसऱ्या वर्षी गनफाउंड्रीच्या इमारतीत वर्ग सुरू झाले. कला, विज्ञान, धर्मशास्त्र, पुढे कायदा, वैद्यक, इंजिनिअरिंग, सगळं उर्दूतून. त्यासाठी आधी भाषांतराचं खातंच उघडलं होतं. देशी भाषेतून शरीरशास्त्र आणि गणित शिकवण्याची ती हिंमत मोठीच, मी तिला नावं ठेवणार नाही. पण परभणी-बीडच्या मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची उर्दू, आणि इंग्रजी एक सक्तीचा विषय. धर्मशास्त्राच्या तासाला मुसलमान मुलं दीनियात (इस्लामी धर्मशिक्षण) शिकत, बाकीची नीतिशास्त्र. मराठी हा विषय होता, विभागही होता. 1948 नंतर माध्यम इंग्रजी झालं आणि उर्दूतून आलेल्या मुलांना नव्यानं धडपडावं लागलं. त्यांत आपल्या घरातले अण्णाही होते.

आता वसतिगृहाकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथेच घडली. 1938 च्या नोव्हेंबरात आधी औरंगाबादच्या उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग इथल्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं. मनाई झाली, मुलं हटली नाहीत, आणि त्यांना काढून टाकलं. काढून टाकलं म्हणजे काय, ते नीट समजून घे. खोली, ताट आणि वर्ग, तिन्ही गेले. गावाकडच्या मुलाला खोली गेली की शहरच संपलं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांच्यातल्या अनेकांना दार उघडलं म्हणून त्यांची वर्षं वाचली. पी. व्ही. नरसिंह राव त्याच मुलांपैकी. आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी ग्रॅनाइटची इमारत या प्रकारानंतर वर्षभरानं, 4 डिसेंबर 1939 ला, निजामाच्या हस्ते उघडली. तिच्यापुढे उभी राहून फोटो जरूर काढ, देखणीच आहे. पण वसतिगृहांकडेही एक चक्कर मार.

ज्यांना वसतिगृह मिळायचं नाही त्यांना नातेवाईक लागत. नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकले ते मामांच्या आधारानं. मामा म्हणजे उस्मानियात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर. इंटरच्या परीक्षेनं कुरुंदकरांना बरीच वर्षं अडवलं, वाचनानं मात्र कधी अडवलं नाही. मामा नसलेल्या मुलाला काय होतं? सुलतान बाजार-काचीगुड्याच्या बाजूला तिघांत एक खोली आणि महिन्याच्या हिशेबावर खानावळ. अण्णा तसेच राहिले. पुस्तकांसाठी 1922 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय होतं, 1937 ची मराठी साहित्य परिषद होती. विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था त्यांहून जुनी, 1907 ची. ज्याला आज विद्यार्थी-कल्याण म्हणतात, त्याचा मोठा वाटा या मराठी संस्थांनी उचलला, विद्यापीठानं नव्हे. हे माझं ठाम मत आहे, आणि इथले काही जुने लोक माझ्याशी त्यावरून भांडतात.

मुलींचं आणखी वेगळं. 1924 साली महिला कॉलेज निघालं, 1949 साली ते कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीत गेलं. ज्या वाड्यात इंग्रज रेसिडेंट राहत होता तिथे मुली शिकायला लागल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण तुझ्या आजीच्या पिढीतली नांदेडची मुलगी तिथवर पोचायची कशी? मनमाडहून येणारी छोट्या रुळांची गाडी सिकंदराबादेला आणून सोडायची, हे खरं. पुढे कुणाच्या भरवशावर?

हा प्रश्न सर्वांत स्पष्ट कळला तो बाबासाहेबांना, असं मला वाटतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज त्यांनी 1950 साली औरंगाबादेत काढलं. तेच पुढचं मिलिंद. संलग्नता उस्मानियाचीच होती, पण मुलाला हैदराबादचं भाडं भरायची गरज उरली नाही, आणि तिथल्या नागसेनवनात कॉलेजबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. 1953 च्या जानेवारीत उस्मानियानं बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट दिली. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य तुटलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादेत आपलं विद्यापीठ सुरू झालं. त्यानंतर आपल्या मुलांची ही वाट हळूहळू ओस पडली.

म्हणून तू येतेस याचा मला आनंद आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेव. अण्णांच्या काळी नांदेडचा मुलगा इथे मुल्की होता, याच राज्यातला. तू परराज्यातली. जागांचे नियम, शिष्यवृत्तीचे नियम, वसतिगृहाचा क्रम, सगळं तुझ्यासाठी वेगळं असणार. ते प्रवेशाच्या माहितीपत्रकात शोध, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नकोस. इतिहास घे की राज्यशास्त्र, ते तुझं तू ठरव. कुणी चांगला मास्तर भेटला तर विषय आपोआप आवडतो.

मला पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळव: मुलींच्या वसतिगृहात परराज्यातल्यांना जागा मिळते का, मेसचे पैसे महिन्याचे की सहामाहीचे, आणि ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. टी.सी. आणि गुणपत्रिकांच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेव. वसतिगृह मिळेपर्यंत आमच्याकडे राहा, सिकंदराबादेहून लोकलनं आर्ट्स कॉलेजचं स्टेशन जवळच आहे. पण वर्षभर आत्याकडे राहायचं ठरवून येऊ नकोस. वसतिगृहाचा अर्ज आजच भर.

तुझी,
आत्या