तेलाची वाट आधी साफ करा

जुन्या गाडीचे इंजिन बांधायला काढले की जो तो विचारतो, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या का? बोअर केला का? क्रँक ग्राइंड केला का? पण या सगळ्या सामानाला जगवणारे तेल शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते की नाही, हे क्वचितच कोणी विचारतो. वाचकहो, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल टॅक्सीवर पेटलेली आहे आणि आपली कितीतरी मुले आजही गॅरेजमध्ये पाने-पेंचीस हातात घेऊन उभी आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

आमचे वडील मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवीत. फियाट ११०० च्या घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी.चे. २००२ साली गाडी फार धूर सोडू लागली. पतपेढीतून बारा हजारांचे कर्ज काढून वडिलांनी एका वर्कशॉपमध्ये फुल इंजिन करून घेतले. तेराव्या दिवशी इंजिनातून ठोके ऐकू आले आणि भर रस्त्यात क्रँक जखडला. वर्कशॉपवाल्याने हात वर केले. कर्जाचा पहिला हप्ताही अजून जायचा होता. आम्ही तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. शिकवण्यांच्या पैशांवर घरात पीठ येत होते.

आमच्या चाळीत एक निवृत्त मिस्त्री राहत. त्यांनी वडिलांना सांगितले, "खोलून तर बघू. रोग कळल्याशिवाय औषध कसले?" इंजिन खोलले तेव्हा बिग एंडचे बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेले दिसले. मिस्त्रींनी क्रँकच्या छिद्रात तार घातली. बाहेर आला काळा चिखल आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा कीस. "सामान नवे, नाल्या जुन्या!" एवढेच ते म्हणाले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी काम केले, आम्ही बल्ब धरला आणि ते सांगतील ते वहीत लिहून घेतले.

तेलाचा प्रवास असा असतो. खालच्या चेंबरमधून जाळीवाटे पंप तेल ओढतो आणि ब्लॉकमधल्या मुख्य नालीत ढकलतो. तिथून ते क्रँकच्या मेन बेअरिंगना जाते. पद्मिनीला अशी मेन बेअरिंगे तीन. क्रँकच्या पोटातल्या तिरप्या छिद्रांतून तेच तेल पुढे चार बिग एंडना मिळते. एक फाटा कॅमला आणि वर रॉकरला जातो आणि तेल वाहत पुन्हा चेंबरमध्ये येते.

आता चाळीतला नळ डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीच्या खोल्यांचे नळ सताड उघडे असतील तर शेवटच्या खोलीत थेंब येत नाही. इंजिनातही तसेच. मेन बेअरिंग सैल असले की तेल तिथेच गळून जाते आणि पुढचे बिग एंड उपाशी राहते. म्हणून फट मोजूनच बेअरिंग बसवावे. जर्नलच्या दर इंच जाडीला साधारण एक हजारांश इंच फट, हा मिस्त्रींचा हिशेब. त्याहून घट्ट केले तर तेलाची परत टिकायला जागाच उरत नाही. रॉकरला तेल कमी पडते असे समजून काही जण वरचे छिद्र मोठे करतात. मग वर पूर येतो, गाइडमधून तेल जळून धूर निघतो आणि खाली दुष्काळ पडतो.

दुसरी लबाडी दाबाची. दाब कमी दिसला की काही कारागीर झडपेच्या स्प्रिंगखाली वायसर घालतात, नाहीतर जाड तेल ओततात. मीटरचा काटा वर चढतो, मालक खूश होतो. पण दाब म्हणजे तेल नव्हे. नाली तुंबलेली असली तरी तिच्या अलीकडे दाब भरपूरच दिसेल! आमच्या गाडीत तर मीटरही नव्हता, नुसता लाल दिवा. तो दाब अगदी कोसळल्यावरच लागतो. क्रँक जखडेपर्यंत तो लागलाच नव्हता.

मिस्त्रींनी ब्लॉकच्या नाल्यांची बुचे काढली, लांब ब्रशने रॉकेल घालून त्या घासल्या आणि हवा मारली. क्रँकचेही तसेच. बेअरिंगचे छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर आले का, हे प्रत्येक ठिकाणी बल्ब लावून पाहिले. पंपाचे झाकण झिजून खोलगट झाले होते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते सपाट केले. पंपाच्या दातांत व्हॅसलीन भरले, कारण कोरडा पंप तेल ओढीत नाही. शेवटी स्पार्क प्लग काढून, दिव्याच्या जागी मीटर जोडून सेल्फ मारला. काटा हलल्यावरच प्लग बसवले.

क्रँक पुन्हा ग्राइंड करायला आणि बेअरिंगना आईच्या कानातले गेले. पण ते इंजिन २००९ साली गाडी बदलेपर्यंत चालले आणि पतपेढीचे कर्ज त्याच कमाईतून फिटले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. तरी हौशी लोक जुन्या गाड्या जपतात आणि त्या बांधणारे हात आपल्याच पोरांचे असतात. उस्ताद शिकवीत नाही, पोरगा नुसते बघून शिकतो आणि अर्धेच शिकतो. घरातल्यांनी त्याला एक वही घेऊन द्यावी. प्रत्येक इंजिनाची फट, पंपाचे माप, गरम इंजिनाचा दाब तारखेसह त्याने लिहावा.

आणि गाडी ज्याची असेल त्याने पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत. नाल्यांची बुचे काढून आतून साफ केली का? बेअरिंगची फट मोजली का? पहिला स्टार्ट मारण्यापूर्वी तेल वर चढवले का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.