पन्हाळ्याच्या शिबिराआधी

कोल्हापूर

चि. आशिष यास,



पन्हाळ्याच्या शिबिराचं पत्रक मिळालं. छपाई सुरेख आहे. पहिला दिवस ‘जखमी बालपण’, दुसरा ‘स्वतःला क्षमा’, तिसरा ‘टॉक्सिक नात्यांतून सुटका’. मधे एका ओळीत ‘शास्त्रवाचन व चहा’. निदान चहाला सोबत मिळाली म्हणायची! तुला माझं मत हवं होतं. फोनवर तू मधेच ‘हो आत्या, बरोबर आत्या’ करत राहतोस, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुझा गैरसमज होईल. मी मानसोपचाराच्या विरोधात नाही. माझी उभी नोकरी वॉर्डात गेली आणि त्यातली बरीच वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात. गोळी दिल्यावर पेशंटला तोंड उघडायला लावायचं, जीभ वर करायला सांगायची, गालाच्या आत बोट फिरवून बघायचं, हे मी इतक्या वेळा केलंय की अजूनही कुणी माझ्यासमोर औषध घेतलं की माझी नजर त्याच्या गालाकडे जाते. लिथियम चालू असलेल्या माणसाचं रक्त वेळच्या वेळी तपासलं नाही तर काय होतं, तेही पाहिलंय. एकदा एका बाळंतिणीला आणलं होतं. डोक्याला तेल थापलेलं, घसा बसलेला. तीन रात्री घरात प्रार्थना चालू होती आणि तिच्या कानाशी ‘निघ, निघ’ असं ओरडणं चालू होतं. त्या पोरीला तीन रात्री झोप नव्हती. तिच्यात कुणी शिरलेलं नव्हतं. बाळंतपणानंतरचा आजार होता, तो औषधाने उतरला.

म्हणून जे आपले भाऊ ‘हे सगळं पापामुळे, विश्वास कमी पडतो’ म्हणत गोळ्या बंद करायला लावतात, त्यांच्या बाजूची मी नाही. अमेरिकेत जे अ‍ॅडम्स नावाच्या पाळकाने १९७० मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘कॉम्पिटंट टू कौन्सेल’. मानसशास्त्राने ख्रिस्ती मंडळीत घुसखोरी केली ही त्याची तक्रार मला पटते. पण ज्याला शरीराचा आजार म्हणता येत नाही, अशा बहुतेक त्रासाच्या मुळाशी त्याला पापच दिसतं, तिथे मी त्याला रामराम करते. बेंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, तेव्हा वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं दिसलं. एवढी खाई समोर असताना मंडळीने औषधाला नावं ठेवायची म्हणजे कहरच. एलीया झुडपाखाली पडून ‘माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला संदेश दिला नाही. उठवून भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. माझ्या मते शास्त्रातली ती सगळ्यांत चांगली नर्सिंग आहे.

तेव्हा माझं भांडण डॉक्टरशी नाही. मागच्या दाराने मंडळीत जे आलं आणि आता व्यासपीठावर बसलं, त्याच्याशी आहे. त्याचा एक धागा आपल्या कोल्हापुरातून जातो, हे तुला सेमिनरीत शिकवलं असेल असं वाटत नाही.

वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावातले वाइल्डर, म्हणजे रॉयल वाइल्डर, १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच १८६३ मध्ये जन्मला. पुढे घर अमेरिकेला परतलं. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात या कोल्हापूरच्या पोराने आणि त्याच्या मित्रांनी १०० जणांना परदेशी मिशनसाठी उभं केलं. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ निघाली आणि हजारो तरुण जगभर गेले. याच चळवळीच्या एका परिषदेला १९२० च्या सुरुवातीला, डे मॉइन गावी, विस्कॉन्सिनमध्ये शेतीशास्त्र शिकणारा एक पोरगा आला होता. तो इतका भारावला की शेती सोडून त्याने धर्मसेवेत जायचं ठरवलं. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी चीनला गेला, १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत दाखल झाला. दोन वर्षांत मन पालटलं आणि रस्ता ओलांडून तो समोरच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेला. त्याचं नाव कार्ल रॉजर्स. तुझ्या समुपदेशनाच्या डिप्लोमाच्या पुस्तकात ‘विनाअट स्वीकार’ म्हणून जो धडा आहे, तो याचा.

आपल्या मिशनच्या पोराने पेटवलेल्या चळवळीतून सेमिनरीच्या दारापर्यंत आलेला माणूस बाहेर पडला, आणि शंभरेक वर्षांनी त्याचं बोलणं पन्हाळ्याच्या पत्रकावर छापून आपल्याकडे आलं. देवाला विनोदाची आवड आहे.

रॉजर्सवर माझा राग नाही. कडक घरात वाढलेला माणूस, लोकांचं ऐकून घ्यायला शिकला आणि जगाला शिकवलं. नीबूरसारखे धर्मपंडित म्हणायचे की माणसाचं मूळ दुखणं म्हणजे स्वतःवरचं अवाजवी प्रेम. त्यावर रॉजर्सचं म्हणणं असं, की माझ्यासमोर बसणारी बहुतेक माणसं स्वतःचा तिरस्कार करणारी असतात. खरं असेल. त्याच्या खोलीत तशीच माणसं येत असणार. पण आशिष, त्या खोलीत कोण येत नाही हे बघ. ज्याने दुसऱ्याचं वाटोळं केलं आणि निवांत झोपतो, तो कशाला येईल? खोलीत खुर्च्या दोन. एकीवर ऐकणारा, दुसरीवर ज्याला दुखलंय तो. त्याच्याकडून जेवढं कळेल तेवढंच सल्लागाराला ठाऊक. तिथे न्यायनिवाडा करू नये, हे बरोबरच आहे. करणार तरी कशाच्या जोरावर?

मंडळी ही तशी खोली नाही. मंडळीत दुखावलेला आणि दुखावणारा एकाच बाकावर बसतात, एकाच प्याल्यातून घेतात, आणि आपल्या इथे तर बहुधा ते दीर-भावजय असतात. जे दोन खुर्च्यांच्या खोलीत शहाणपण आहे, ते तसंच उचलून मंडळीत आणलं की अन्यायावर पांघरूण घालायचं साधन होतं.

तुला ठाऊक असलेलंच प्रकरण सांगते, नावं लिहीत नाही. शिरोळ तालुक्यातला दीड एकर ऊस. थोरला भाऊ वारला, तेव्हा धाकट्याने वहिनीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ‘कर्जाचा कागद आहे, सोसायटीत द्यायचाय’ म्हणून. तेराव्याचं, महिन्याचं असं काही आपल्यात नसतं, पण दुःखाचे दिवस ते दुःखाचेच. तिने वाचलं नाही. सातबारावरून तिचं नाव गेलं. उसाचं बिल आता एकाच खात्यात जमा होतं. ती भाड्याच्या खोलीत फॉल-पिको करते आणि दर रविवारी त्याच्या मागे तीन बाकं सोडून बसते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका आंतरिक आरोग्याच्या शिबिराला तो गेला. बापाने लहानपणी चाबकाने मारलं होतं, ते आठवून ढसाढसा रडला. मारलं होतं हे खरं आहे, तो माणूस मलाही माहीत होता. सगळ्यांनी गळामिठी घातली. परत आल्यावर त्याने उपासनेत साक्ष दिली, की देवाने मला मोकळं केलं, मी स्वतःला क्षमा केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच शिबिरवाल्या ताईने वहिनीला काय सांगितलं? ‘त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी नाही, तुमच्या मनःशांतीसाठी. कडवटपणा तुम्हालाच आजारी पाडेल.’ तिनेही डोळे मिटून माफ केलं. दोघंही बरे झाले. सातबारा होता तसाच आहे.

तुझ्या मंडळीतल्या माणसाला मोकळं वाटणं आणि त्याचं देणं फिटणं, यांत फरक करायला तू शिकवणार नसशील तर दुसरं कोण शिकवणार? डॉक्टर शिकवणार नाही, ते त्याचं काम नाही. जक्कयच्या घरी येशू जेवायला गेला. सगळ्या गावाने टाकलेल्या माणसाला त्याने आधी जवळ केलं, अट न घालता. तिथवर रॉजर्ससुद्धा मान डोलावेल. पण मग जक्कय उभा राहिला आणि हिशेबावर आला. अर्धं गोरगरिबांना, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. घरात तारण आलंय असं येशू त्यानंतर म्हणाला. लहानपणी ठेंगणा म्हणून पोरं चिडवायची, तेव्हापासून मनात गाठ होती, याची चौकशी झाल्याचं लूकने लिहिलेलं नाही.

पत्रकाच्या मागच्या पानावर तू लिहिलंयस की शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची तर आधी स्वतःवर प्रीती करायला शिकलं पाहिजे. हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. येशूने आज्ञा दोन सांगितल्या, या हिशेबाने तीन होतात, आणि तिसरीचा अभ्यास आयुष्यभर पुरतो, मग शेजाऱ्याची पाळी येतच नाही. हे तुझ्या डोक्यातून आलेलं नाही, मला माहीत आहे. १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी सकारात्मक विचारांचं पुस्तक लिहिलं, ते अजून कोल्हापूरच्या स्टँडवर मिळतं. पुढे रॉबर्ट शूलर. त्यांनी १९८२ मध्ये आत्मसन्मान हीच नवी धर्मसुधारणा असं पुस्तकाच्या नावातच जाहीर केलं. ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या श्रद्धेचा अभ्यास केला, २००५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. बहुतेक मुलांचा देव असा निघाला, की जो एरवी लांब असतो, अडचण आली की धावून येतो, आणि ज्याला आपण चांगलं वागावं नि आपल्याला बरं वाटावं एवढंच हवं असतं. आपल्या युवक संघात विचारून बघ. उत्तर फार वेगळं येणार नाही.

आता तू म्हणशील, आत्या, जुने लोक काय फार चांगलं करत होते? नव्हतेच. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला प्रार्थना करून परत त्याच घरी पाठवणारे मंडळीचे वडील मी पाहिलेत. तिला ‘सहन कर, प्रभूनेही सहन केलं’ म्हणायचे. तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या सत्राने अशा एखादीला घराबाहेर पडायचं बळ मिळालं, तर त्या सत्राला माझा आशीर्वाद. पण नीट बघ. जुन्या वडिलांनी तिला परत पाठवलं आणि नवऱ्याला कुणी काही बोललं नाही. नवी सल्लागार तिला बाहेर काढते आणि नवऱ्याला अजूनही कुणी काही बोलत नाही. तो वधस्तंभाच्या खाली बसून दानपात्र फिरवतोच आहे.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी आठवतं. आई, वडील, बहीण दुष्काळात गेलेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. जखमी बालपणावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर त्यांना. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, नुसती हाडं राहिलेल्या. त्यांना शाळा दिली, माग दिला, छापखाना दिला, शेत आणि गाई दिल्या. १९०५ मध्ये तिथे जे संजीवन झालं त्यात मुली मोठमोठ्याने रडल्या, हे खरं. पण त्या आपापल्या पापांसाठीही रडल्या. छळलेली मुलगीसुद्धा दुसऱ्या मुलीशी दुष्टपणे वागू शकते, हे मुक्तीत कुणी लपवलं नाही. तिला पाप असू शकतं असं मानणं हाच तिचा मान होता. नुसतं ‘बिचारी’ म्हणत राहिलं की माणूस लहानच राहतो.

तेव्हा शिबिर रद्द कर असं मी म्हणत नाही. बदल सांगते, पटले तर कर. पहिल्या दिवशी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना बोलव, आपल्यातलेच हवेत असं नाही. झोप उडणं, भूक जाणं, मरावंसं वाटणं यांवर त्यांना साधं बोलू दे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पत्रकावर मोठ्या अक्षरांत छाप. तुझ्या फोटोपेक्षा मोठा असला तरी चालेल. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना सगळ्यांसमोर उभं करून जखमा उघडायला लावू नकोस. शनिवारी पन्हाळ्यावर सांगितलेलं रविवारी महिला मंडळाच्या स्वयंपाकघरात पोचतं, आणि मग त्या मुलीचं लग्न ठरताना ते पुन्हा निघतं. ‘स्वतःला क्षमा’ हे सत्र काढून टाक. त्या जागी, ज्याचं आपण काही घेतलंय, बुडवलंय, ज्याच्याबद्दल खोटं बोललोय, त्याचं नाव कागदावर लिहून तो कागद स्वतःच्या खिशात ठेवायला सांग. प्रभुभोजनाआधी त्या माणसाकडे जाऊन यायचं. आणि परत आल्यावर घरभेटी सुरू कर. तुझ्या आधीचे पाळकसाहेब सायकलवरून कसबा बावड्यापर्यंत जायचे. कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय जळतंय, हे त्यांना सल्लागाराच्या फॉर्मशिवाय कळायचं.

आणि शिबिराआधीच्या शनिवारी मोकळा राहा. हक्कसोडपत्राची आणि फेरफाराची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे, वकिलांनाही दाखवली. कोर्टात जायची वेळ येऊ नये असं वहिनीला वाटतं. मंडळीच्या दोन वडिलांशी मी बोलले आहे, ते यायला तयार आहेत. आधी आपण त्या धाकट्या दिराकडे जायचं, वहिनीला नंतर बोलवायचं. बापाच्या चाबकाबद्दल तो बोलेलच, ते पूर्ण ऐकून घ्यायचं, मधे तोडायचं नाही. मग कागद समोर ठेवायचा.

पाच वाजता माझ्याकडे ये. जेवण इथेच.

तुझी,
आत्या