दोन आसनांची मोटार

'स्वस्त' या शब्दाइतका महाग शब्द मराठी भाषेत दुसरा नसेल. एखादी वस्तू स्वस्त मिळते आहे असे कळले की शहाणा माणूस खिशावर हात ठेवतो आणि भोळा माणूस खिशात हात घालतो. आमचे आजोबा या दोन्हींत न बसणारी तिसरी रीत सांगत. ती त्यांनी माळेगावच्या बाजारात शिकून घेतली होती. लोहा तालुक्यातले हे खंडोबाचे माळेगाव. मार्गशीर्षात तिथे जत्रा भरते आणि घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार होतो. रुमालाखाली बोटे धरून सौदे व्हायचे तो काळ आजोबांचा. ते म्हणत, "जनावर स्वस्त असलं तर आधी भाव विचारू नको, ते असं का झालं ते विचार. दात बघ, खूर बघ, भोवरे बघ आन् सगळ्यात शेवटी डोळ्यात बघ. डोळ्यात तेज असलं की बाकीचं खाण्यापिण्यानं भरून येतं."

आजोबांनी उभ्या आयुष्यात मोटार घेतली नाही. पण मी जी घेतली ती त्यांच्याच नियमाने घेतली, आणि म्हणूनच तिची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो आहे.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमची थोरली कन्या तेव्हा लातुरात होती. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, पण घराघरात त्याचे नाव पोचले ते 'लातूर पॅटर्न'मुळे. ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे त्यांना हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा एकदा देऊन झाली होती, गुण कमी पडले होते आणि ती दुसऱ्या वर्षासाठी तिथे राहिली होती. अशा मुलांच्या वर्गाला तिकडे 'रिपीटर बॅच' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी त्यातला बोचरेपणा अस्सल देशी आहे. पहिल्या निकालानंतर आमची मुलगी बोलेनाशी झाली होती. भांडत नव्हती, रडतही नव्हती. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायची. दर रविवारी मी नांदेडहून डबा घेऊन जात असे. ती डबा रिकामा करून परत देई आणि म्हणे, "बाबा, बस चुकेल तुमची."

तिची खोली ज्यांच्या घरात होती त्या काकांच्या परसात चिंचेखाली ताडपत्रीने झाकलेले काहीतरी होते. कणग्यावर झाकण घालावे तसे. त्या रविवारी वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि मला एक लालसर, गोल, बसके नाक दिसले. मी उभा राहिलो. हे नाक माझ्या ओळखीचे होते.

१९९८ साली मी मॅट्रिकच्या वर्गात असताना वर्तमानपत्रात या मोटारीचे चित्र पाहिले होते. 'सॅन स्टॉर्म' तिचे नाव. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेली, दोनच माणसांची, कापडी छत मागे दुमडणारी. आराखडा फ्रेंच मंडळींचा, इंजिन रेनोचे, ११४९ घनसेंटिमीटरचे आणि सुमारे ६० अश्वशक्तीचे. आज शेजारची साधी मोटारसुद्धा याहून अधिक ताकदीची असते, पण त्या वेळी अँबॅसेडर आणि पद्मिनी यांच्या सोज्ज्वळ गर्दीत ती घरंदाज लग्नात शीळ घालत आलेल्या पाहुण्यासारखी वाटली होती. अशा मोटारी फार थोड्या निघाल्या. त्यातली एक लातुरात चिंचेखाली १३ वर्षे उभी होती.

"पोरानं हौसेनं घेतली होती," काका म्हणाले. "तो परदेशी गेला. भंगारवाला आला होता, पण त्यालाही नको. म्हणाला, हिच्यात लोखंडच कमी."

हेच तिच्या स्वस्ताईचे कारण होते. अंग सगळे फायबरग्लासचे. ते गंजत नाही, पण भंगारात त्याला किंमतही नाही. खालचा पोलादी सांगाडा तेवढा मोलाचा. काकांनी चाळीस हजार सांगितले. माझ्या चार कादंबऱ्यांचे आजवरचे मानधन पोस्टात होते, ते याहून थोडे जास्त भरले. पण हो म्हणण्यापूर्वी डोळ्यात बघायचे राहिले होते.

पुढच्या रविवारी मी नांदेडच्या देगलूर नाक्याकडचे एक उस्ताद सोबत नेले. त्यांनी किल्ली मागितलीच नाही. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात सुईविना पिचकारीने थोडे थोडे तेल सोडले आणि म्हणाले, "चला सर, चहा पिऊ." दोन चहा झाल्यावर त्यांनी इंजिनाच्या खालच्या बोल्टला पाना लावला आणि हाताने हळूच दाब दिला. काही हलले नाही. पुन्हा दाब दिला. मग पाना दीड बोट सरकला. उस्तादांनी कपाळावरचा घाम पुसला. "मेली नाही सर. झोपलीय."

माझे यंत्रशास्त्र दहावीच्या विज्ञानापाशी संपते, पण डोळ्यातले तेज म्हणजे काय ते मला त्या दीड बोटात कळले. मी पैसे मोजले.

मोटार आयशरवर चढवून चाकूर, अहमदपूर करीत आम्ही निघालो. वाटेत माळेगावला चहाला थांबलो तर एक फेटेवाले म्हातारे गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले. "कोणत्या जातीचं?" त्यांनी विचारले. म्हटले, "गोव्याचं." "दात?" म्हटले, "पंचवीस वर्षांचं." म्हाताऱ्याने मान हलवली. "म्हातारं हाय की! पर हाय उमदं."

घरी आमच्या सौ.नी दारातच हिशेब मांडला. "अहो, आपण माणसं चार आणि हिला आसनं दोन. उरलेल्या दोघांनी वाऱ्यावर यायचं का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी तो पुढच्या प्रकरणासाठी राखून ठेवला. कादंबरीकाराला तेवढी मुभा असते.

उस्तादांची कामाची पद्धत पाहून मला शाळा आठवली. माझी कल्पना अशी, की आधी इंजिन सुरू करावे, म्हणजे मन आनंदेल. उस्तादांनी ती मोडीत काढली. "पहिलं थांबायचं शिकवू, पळायचं मागाहून." त्यांनी ब्रेक उघडले. रबरी नळ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्या पाण्याने आतले सिलिंडर गंजून जाम झालेले. टायरांवर नक्षी भरपूर होती, पण उस्तादांनी कडेला बोट ठेवून चार आकडे वाचायला लावले: ३२०९. म्हणजे २००९ सालचा बत्तिसावा आठवडा. "नक्षीवर जाऊ नका सर, जन्मतारीख बघा." ते चारही टायर गेले.

टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशाचा वास मारत होता. ते काढून टाकी धुतली, तेव्हा नव्या पेट्रोलचा प्रश्न आला. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल उसापासूनही निघते आणि ऊस म्हणजे लातूरचे लाडके पीक. पण जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, नळ्या फुगतात, मऊ पडतात. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या. टायमिंगचा दातेरी पट्टाही बदलणे भाग होते. तो तुटला तर इंजिन जागच्या जागी बंद. त्या इंजिनाच्या जातभाया रेनोने 'ट्विंगो' आणि 'क्लिओ' या आपल्या मोटारींत बसवलेल्या असल्याने पट्टा परदेशातून मागवता आला. तो टपालाने आला तेव्हा मुलाने तो माळेसारखा गळ्यात घालून घरभर मिरवला.

फाटलेले छत रिक्षांचे हूड शिवणाऱ्या एका कारागिराने शिवले. फुटलेले नाक भरायला बागांतले फायबरचे हत्ती-जिराफ घडवणारे गृहस्थ आले. काचतंतूंची चटई, तिच्यावर राळ आणि राळेत थेंबभर हार्डनर. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात ती राळ इतकी झटपट आळते, की ब्रश डब्यातच अडकायचा. म्हणून ते गृहस्थ पहाटे पाचला येत. असे हे गाडीचे नाक माझ्या शेजाऱ्यांच्या झोपेच्या मोलाने सरळ झाले.

सगळ्यात अवघड निघाल्या तारा. १३ वर्षांत उंदरांनी त्यांचा यथेच्छ समाचार घेतला होता. उस्ताद म्हणाले, "ह्याला डोळे पाहिजेत आणि बारीक हात पाहिजे." संक्रांतीला मुलगी तीन दिवस घरी आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहिले. मग आत जाऊन वही आणली आणि ज्या हातांनी ती चेतासंस्थेच्या आकृत्या काढत असे त्या हातांनी एकेक तार, तिचा रंग आणि ती कुठून कुठे जाते ते काढायला बसली. संध्याकाळी डावा सिग्नल उघडमीट करू लागला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, ही १३ वर्षं उभी होती?" मी हो म्हटले. "आणि हिला कुणी नापास म्हटलं नाही?"

सात महिन्यांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला एकाएकी त्याचे उत्तर सुचले नाही. उस्ताद मात्र गाडीखालून म्हणाले, "बेटा, पासिंग अजून व्हायचीय."

४ मे २०२५ रोजी देशातल्या २२ लाखांहून अधिक मुलांबरोबर तिने पुन्हा परीक्षा दिली. निकाल लागायचा होता त्या दिवसांतच गाडीचीही परीक्षा आली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढते. आमच्या गाडीची कधीच संपली होती. नमुना २५, नमुना २८, २९, ३० अशी अर्जांची चळत, पर्यावरण कर, विमा, धुराचा दाखला हे सगळे फाइलीत लावले. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून वधूला मेण्यातून न्यावे तशी आयशरवरून नेली. मुलगी सोबत आली.

निरीक्षकांनी गाडी पुढेमागे घ्यायला लावली, दिवे पाहिले, खाली वाकले आणि कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. गाडी नापास झाली होती. परतताना मुलीने तो कागद मोठ्याने वाचला. "हातब्रेक धरत नाही. उजव्या दिव्याचा झोत वर जातो. दुरुस्त करून आणावे." मग थोडे थांबून ती म्हणाली, "हे बरं आहे बाबा. काय बिघडलंय ते लिहून देतात, आणि परत या म्हणतात."

मी वीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर लिहीत आलो आहे. त्या दोन ओळींइतके नेमके माझे एखादेच वाक्य असेल. परीक्षेची उत्तरतालिका येते, आकडा येतो, क्रमांक येतो. कोणता दिवा वर जातो ते त्यात येत नाही. ते शोधायला कुणीतरी गाडीखाली शिरावे लागते.

पंधरवड्याने गाडी पास झाली. त्याआधीच मुलीचा निकाल आला होता. गुण वाढले होते, पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचत नव्हते. घरात सगळे दबकून वागत होते. रात्री जेवताना तीच म्हणाली, "मी तिसऱ्यांदा बसणार नाही. उदगीरला पशुवैद्यकीयचा अर्ज भरणार आहे. तिथेही हेच गुण चालतात." सौ.नी माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. तिच्या आवाजात रुसवा नव्हता. तारांच्या वहीत बोलायची तसा तो आवाज होता, हे इथून तिथे जाते असे सांगणारा.

तिला उदगीरला पोचवायचे ठरले तेव्हा सौ.चा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: माणसे चार, आसने दोन. शिवाय ट्रंक, गादी आणि चकल्यांचा डबा. अखेर सामानासह सौ. आणि चिरंजीव एस. टी.ने निघाले, मुलगी आणि मी मोटारीने. पावसाने त्या वर्षी मराठवाड्याची दैना केली होती. कंधारपासून पुढे शेतांत अजून पाणी साचलेले होते. गतिरोधक आला की मी गाडी तिरकी करून मुंगीच्या पावलाने चढवी, कारण तिचे पोट जमिनीपासून चार बोटांवर. जांबच्या अलीकडे एस. टी.ने आम्हांला मागे टाकले आणि खिडकीतून चिरंजीवांनी विजयी हात हलवला. मुलगी खळखळून हसली. रस्त्यात लाल कंधारी गायींचा कळप आडवा आला तेव्हा मी भोंगा वाजवणार, तोच तिने माझा हात धरला. "थांबा बाबा. बघू द्या."

आम्ही चांगली दहा मिनिटे थांबलो. हातब्रेक उत्तम धरत होता.

परत येताना मुलगा उदगीरला मामाकडे दोन दिवस राहिला आणि शेजारचे आसन रिकामे झाले. सौ. पहिल्यांदाच त्यात बसल्या. जळकोट मागे पडेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मुलीला सोडून येणारी आई बोलत नसते. मग आभाळ निवळले, ऊन पडले. त्यांनी पदर नीट खोचला आणि छताकडे बोट दाखवून विचारले, "हे उघडतं म्हणतात ना?"

मी म्हटले, "उघडतं."

"मग उघडा की!"