सातचा भोंगा

सन २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांच्या हाती मोबाइल द्या, असा आग्रह मीच पालकांपाशी धरला होता. फळा, खडू आणि वर्ग सारे त्या वीतभर यंत्रात सामावले होते. पुढे शाळा उघडल्या. पण मुलांच्या हातून ते यंत्र काही सुटेना. एकदा एका मुलाला मी त्यावरून रागे भरलो. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मोबाइल घ्यायला तुम्हीच सांगितलं होतं ना?" मी निरुत्तर झालो.

त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत माझ्या वाचनात आली. तेथे २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजताच दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवावेत आणि मुलांनी अभ्यासास बसावे, असे गावाने ठरविले. हा नियम थोरांनाही होता!

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मी प्रथम माझा मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. शेवटचा तास गोष्टींच्या पुस्तकांना दिला. आरंभी मुले चुळबुळत. माझाही हात नकळत खिशाकडे जाई. ते पाहून सारा वर्ग हसे. हळूहळू पाने उलटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

एके दिवशी त्याच मुलाने विचारले, "गुरुजी, घरी गेल्यावरही तुम्ही तो बंद ठेवता?"

आमच्या गावात भोंगा नाही; परंतु सात वाजले, की तो प्रश्न माझ्या कानांत घुमतो आणि मी मुकाट्याने मोबाइल बंद करतो.